घरपट्टीतून वाजणारे संगीत : अमेरिकेच्या छोट्या गावांतील उन्हाळी मैफलींचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या शेतीप्रधान राज्यांतील छोट्या गावांत, जून ते ऑगस्ट या काळात आठवड्यातील एका ठरलेल्या संध्याकाळी सार्वजनिक उद्यानात विनामूल्य मैफल भरवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. तेथील हिवाळा कडक बर्फाचा असतो, तर उन्हाळ्यात सूर्य रात्री साडेआठच्या पुढे मावळतो. त्यामुळे महाराष्ट्रात उघड्यावरच्या मैफलींना जसा हिवाळा मानवतो, तसा तेथे उन्हाळा मानवतो. आज या मैफलींत एका आठवड्यात जॅझ, दुसऱ्यात फिडल आणि बँजो या वाद्यांवर द्रुत लयीत रंगणारे ब्लूग्रास, तिसऱ्यात पोल्का किंवा मेक्सिकन संगीत, तर चौथ्यात गावाचा स्वतःचा बँड असा क्रम आढळतो. ही विविधता अलीकडच्या काळाची देणगी आहे, असे समजले जाते. परंतु या प्रथेचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, विविधता आरंभापासूनच होती आणि बदलले ते तिचे स्वरूप. पूर्वी एकच बँड अनेक प्रकारचे संगीत वाजवी. नंतर एकाच रंगमंचावर अनेक प्रकारचे वादक येऊ लागले. या स्थित्यंतरामागे वाद्यांची घडण, ध्वनिवर्धनाचे तंत्र आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संगीताचा खर्च कोणी सोसायचा या प्रश्नाला वेळोवेळी दिली गेलेली उत्तरे आहेत.

उघड्यावरच्या संगीताची पहिली अडचण भौतिक स्वरूपाची असते. भिंती आणि छत नसल्यामुळे ध्वनी परावर्तित होत नाही, तो विरून जातो. म्हणूनच तंतुवाद्यांचा नाजूक नाद मैदानात टिकत नाही, उलट पितळी वाद्यांचा भरदार स्वर दूरवर पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाद्यांना झडपा, म्हणजे बोटाने दाबून हवेचा मार्ग लांबवणाऱ्या कळा, बसवण्यात आल्या आणि तोपर्यंत मोजकेच स्वर देणाऱ्या नळ्यांतून संपूर्ण सप्तक वाजवणे शक्य झाले. १८४० च्या दशकात आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये अशा वाद्यांचे एक संपूर्ण कुटुंबच तयार केले. 'सॅक्सहॉर्न' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाद्यांत लहानापासून मोठ्यापर्यंत सर्वांवर बोटे ठेवण्याची पद्धत जवळजवळ सारखीच असल्यामुळे एक वाद्य येणाऱ्याला दुसरे उचलणे सोपे जाई. लोहार, न्हावी, दुकानदार आणि शेतकरी यांचा मिळून गावचा बँड उभा राहू शकला, तो याच सोयीमुळे. झडपांच्या याच वाद्यांनी पुढे ब्रिटिश पलटणींच्या बँडमधून भारतात प्रवेश केला आणि महाराष्ट्रातील लग्नाच्या वरातींत आजही वाजणारे कॉर्नेट व युफोनियम त्याच परंपरेतून आले आहेत.

नागरी बँडची परंपरा या शोधांच्याही आधीची आहे. पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन बँडच्या वादनाची पहिली नोंद ४ जुलै १८२८ या स्वातंत्र्यदिनाची असून तो बँड आजही कार्यरत आहे. त्याच काळात फिलाडेल्फियातील फ्रान्सिस जॉन्सन हा कृष्णवर्णीय बिगुलवादक, संगीतरचनाकार आणि बँडप्रमुख उन्हाळ्यात साराटोगा स्प्रिंग्स या आरोग्यस्थळी आपल्या वादकांसह कार्यक्रम करी. त्याने १८३७ मध्ये वादकांना घेऊन इंग्लंडचा दौरा केला आणि तेथे लोकप्रिय झालेली 'प्रॉमनेड' मैफल, म्हणजे श्रोत्यांनी मोकळेपणाने फिरत फिरत ऐकायची मैफल, परतल्यावर फिलाडेल्फियात रुजवली. दक्षिणेत गुलामगिरी कायद्याने चालू असताना एका कृष्णवर्णीय कलावंताने या प्रकाराला आकार दिला, ही गोष्ट या इतिहासाच्या अग्रभागी ठेवायला हवी, कारण पुढील काळात गावच्या बँडचे जे चित्र रूढ झाले त्यातून ती वगळली गेली.

१८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाने बँड ही गोष्ट देशभर पोहोचवली. युद्धाच्या प्रारंभी स्वयंसेवक पलटणी आपापल्या गावचा बँड सोबत घेऊनच रणांगणावर गेल्या, परंतु हा खर्च इतका वाढला की, जुलै १८६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पलटणींचे बँड रद्द करून केवळ ब्रिगेडला, म्हणजे अनेक पलटणींच्या समूहाला, मर्यादित वादकसंख्येचा बँड ठेवण्याची मुभा दिली. युद्ध संपल्यावर वाद्ये आणि वादक दोन्ही गावी परतले. त्यानंतरच्या दशकांत इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथे सी. जी. कॉन याच्या कारखान्यासारखे वाद्यनिर्मितीचे मोठे उद्योग उभे राहिले, वाद्ये आणि स्वरलिपी टपालाने मागवता येऊ लागली आणि रेल्वेमार्गावर नुकत्याच वसलेल्या गावालाही स्वतःचा बँड असणे प्रतिष्ठेचे वाटू लागले.

या बँडसाठी गावाच्या चौकात बँडस्टँड बांधला जाई. मुंबईकरांना वांद्र्याच्या किनाऱ्यामुळे परिचित असलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ चारी बाजूंनी उघडा, बहुधा अष्टकोनी, छत असलेला उंच चौथरा असा आहे. स्वर सर्व दिशांना जात असल्यामुळे श्रोत्यांना ठरावीक जागा नसे; मुले खेळत, मंडळी गप्पा मारत, आइस्क्रीम विकले जाई आणि मोटारी आल्यावर चौकाभोवती गाड्या लावून बसलेले लोक टाळ्यांऐवजी भोंगे वाजवून दाद देऊ लागले. शेतकरी कुटुंबे शनिवारी रात्री बाजारहाटासाठी गावात येत. ती अधिक वेळ थांबावीत म्हणून व्यापारी बँडच्या खर्चाला हातभार लावत. मैफल विनामूल्य असे, पण ती फुकट होत नसे, हे त्या व्यापाऱ्यांना नेमके ठाऊक होते.

वाजत काय असे, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. बोस्टनच्या पॅट्रिक गिलमोर या आयरिश वंशाच्या बँडप्रमुखाने आणि त्याच्यानंतर जॉन फिलिप सूझा याने जो कार्यक्रमाचा साचा लोकप्रिय केला, त्याचेच अनुकरण गावोगाव होई. सूझा १८८० ते १८९२ या काळात अमेरिकी नौसैनिकांच्या मरीन बँडचा प्रमुख होता आणि १८९२ मध्ये स्वतःचा बँड स्थापून त्याने सुमारे चाळीस वर्षे देशोदेशी कार्यक्रम केले. त्याच्या मैफलीत वॅग्नरच्या संगीतनाटकातील उतारा, कॉर्नेट किंवा ट्रॉम्बोनचे एकल वादन, वॉल्ट्झ, त्या वर्षीचे लोकप्रिय गाणे, पुढे रॅगटाइम, म्हणजे कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेली अडखळत्या आघातांची चाल, आणि प्रत्येक रचनेनंतर श्रोत्यांच्या आग्रहाखातर एखादे संचलनगीत असा मिलाफ असे. नाट्यगृह शेकडो मैलांवर असलेल्या गावकऱ्यांनी व्हेर्दी आणि रोस्सिनी या संगीतनाटककारांचे संगीत प्रथम ऐकले, ते अशाच बँडकडून. जगातील नाना तऱ्हेचे संगीत पितळी वाद्यांत उतरवून गावाच्या चौकात आणणे हे त्या काळचे मोठे सांस्कृतिक कार्य होते, आणि त्याला आज जुनाट करमणूक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

तथापि हौशी बँडचे आयुष्य अल्प असे. वर्गणी आटली, प्रमुख वादक परगावी गेला किंवा व्यापाऱ्यांत मतभेद झाले की बँड मोडे. या अस्थिरतेवर आयोवा राज्याने १९२१ मध्ये कायद्याचा उपाय शोधला. क्लॅरिंडा येथील लष्करी बँडप्रमुख जॉर्ज लँडर्स याने पुढाकार घेतलेल्या 'आयोवा बँड कायद्या'नुसार गावातील मतदारांनी अर्ज केल्यास बँडसाठी कर बसवावा की नाही हा प्रश्न मतदानाला टाकता येई, आणि बहुमताने मान्यता मिळाल्यास नगरपालिकेला मालमत्तेवर कमाल दोन मिल इतका कर आकारता येई. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. अर्थात करपात्र मूल्याच्या प्रत्येक हजार डॉलरमागे जास्तीत जास्त दोन डॉलर. रस्ते, दिवे आणि पाणी यांच्याप्रमाणे संगीतही घरपट्टीतून चालवण्याची सोय आहे, आणि तशी ती असावी की नाही हे गावाने मतपेटीतून ठरवायचे आहे, हा या कायद्याचा गाभा होता. पुढे इतर राज्यांनीही या नमुन्यावर कायदे केले.

या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण म्हणजे त्याच राज्यातील फोर्ट डॉज हे गाव. सर्कशींचे बँड चालवून नाव कमावलेला कार्ल किंग हा रचनाकार १९२० मध्ये तेथे आला आणि १९७१ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, तेथील नगरबँडशी निगडित राहिला. या कायद्याच्या गौरवार्थ त्याने 'आयोवा बँड लॉ' या नावाचे संचलनगीतही रचले. करविषयक कायद्यावर संगीतरचना होण्याचा हा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल. देशभर ज्याच्या रचना वाजत होत्या असा संगीतकार एका लहान गावात आयुष्यभर टिकला, याचे श्रेय त्या गावाने स्वीकारलेल्या नियमित खर्चाला द्यावे लागते.

कराच्या पैशातून चालणारे संगीत कोणत्या जनतेचे, हा प्रश्न मात्र त्या काळात सुटला नव्हता. दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाच्या कायद्यांमुळे बँड आणि श्रोते दोन्ही विभागलेले होते, आणि न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीय बँडनी जॅझच्या जडणघडणीत मोलाची भर घातली, ती मुख्यतः स्वतःच्या परस्परसाहाय्य मंडळांच्या बळावर. बहुतेक नगरबँडचे दरवाजे स्त्रियांना बंद असल्यामुळे हेलन मे बटलर हिच्यासारख्या बँडप्रमुखाला संपूर्णपणे स्त्रियांचा वेगळा बँड काढून दौरे करावे लागले. स्थलांतरितांचे संगीतही समांतर चाले. आयोवातील स्पिलव्हिल या चेक लोकवस्तीच्या खेड्यात अंतोनीन द्वोर्झाक याने १८९३ चा उन्हाळा घालवला आणि आपली 'अमेरिकन' म्हणून प्रसिद्ध असलेली तंतुवाद्यांची चतुष्टयरचना तेथेच लिहिली. अशा वस्त्यांत पोल्का आणि लोकनृत्यांचे सूर घुमत असत, पण ते त्यांच्या स्वतःच्या सभागृहांत.

सूझाने १९०६ मध्येच एका लेखातून असा इशारा दिला होता की, ध्वनिमुद्रणाची यंत्रे हौशी वादकांचा नाश करतील. त्यानंतर ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि बोलपट आले, चित्रपटगृहांतील वादक बेकार झाले आणि १९२९ नंतरच्या मंदीने गावांचे अंदाजपत्रकच कोसळले. १९३५ मध्ये केंद्र शासनाने रोजगार योजनेचा भाग म्हणून सुरू केलेल्या 'फेडरल म्युझिक प्रोजेक्ट'ने बेकार वादकांना पगार देऊन विनामूल्य मैफली भरवल्या. सार्वजनिक बांधकामाच्या त्याच धोरणातून अनेक गावांत बँडशेल उभे राहिले. बँडशेल म्हणजे शिंपल्यासारखी अंतर्वक्र भिंत असलेला रंगमंच, जो स्वर मागे विरू न देता श्रोत्यांकडे परतवतो. या वास्तूने ऐकण्याची रीतही बदलली. फिरणारे श्रोते आता रंगमंचाकडे तोंड करून बसू लागले.

दुसरे निर्णायक वळण कामगार चळवळीने दिले. जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मुद्रित संगीतामुळे जिवंत वादनाचे काम बुडते, म्हणून मुद्रिकांच्या विक्रीतून वादकांसाठी निधी मिळावा, ही त्यांची मागणी होती. मोठ्या कंपन्यांनी १९४४ पर्यंत ती मान्य केली. परंतु १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने संघटनेच्या ताब्यातील असा निधी बेकायदा ठरवला, तेव्हा १९४८ मध्ये पुन्हा बहिष्कार झाला आणि त्याच्या अखेरीस स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती असलेला 'म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड' अस्तित्वात आला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेतील अल्पसा वाटा या निधीत जमा होई आणि त्यातून उद्याने, रुग्णालये व शाळांतील विनामूल्य मैफलींच्या वादकांना मानधन दिले जाई. ज्या यंत्राने गावच्या बँडचे श्रोते नेले, त्याच यंत्राच्या कमाईतून उद्यानातील संगीत पुढे चालले. या निधीला सैनिकी थाटाचा बँडच हवा, असे बंधन नव्हते. जॅझ वाजवणाऱ्या छोट्या चमूलाही तो उपलब्ध होता.

याच सुमारास विद्युत ध्वनिवर्धकाने उघड्या मैदानातील पितळी वाद्यांची मक्तेदारी संपवली. गिटार, फिडल किंवा एकट्या गायिकेचा आवाज आता कॉर्नेटइतकाच दूर जाऊ लागला. न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या शहरात १९५४ मध्ये जॅझचा आणि १९५९ मध्ये लोकसंगीताचा महोत्सव सुरू झाला आणि उन्हाळ्यातील खुला रंगमंच या संगीतांनाही साजतो, हे सिद्ध झाले, जरी तेथे तिकीट लागे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स' या केंद्रीय कलानिधीने राज्यांच्या कलामंडळांना बळ दिले आणि १९७० च्या दशकात लोककलांसाठी स्वतंत्र विभाग उघडून केजन (लुइझियानातील फ्रेंच भाषकांचे लोकसंगीत), ब्लूज, मेक्सिकन आणि आदिवासी संगीताच्या वारसदारांना सार्वजनिक पैशाचे हक्कदार मानले. कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या लेव्हिट पॅव्हिलियनच्या विनामूल्य मैफलींतून पुढे देशव्यापी उपक्रम उभा राहिला. त्याच्या वतीने २०१५ पासून लहान-मध्यम शहरांना दहा मैफलींच्या मालिकेसाठी २५,००० डॉलरचे अनुदान मिळू लागले, आणि तितकीच रक्कम स्थानिक पातळीवर उभी करणे व संगीतप्रकारांत विविधता राखणे ही त्याची अपेक्षा राहिली.

अशा रीतीने एका बँडच्या अनेक प्रकारांकडून एका रंगमंचावरील अनेक परंपरांकडे हा प्रवास झाला. यात लाभ निःसंशय मोठा आहे, कारण ज्यांचे संगीत पूर्वी पितळी वाद्यांत रूपांतरित होऊनच चौकात पोहोचे किंवा पोहोचतच नसे, ते आता स्वतः, स्वतःच्या वाद्यांसह आणि मानधन घेऊन तेथे उभे राहतात. हानीही खरी आहे. जुन्या व्यवस्थेत वाजवणारा आणि ऐकणारा एकाच गल्लीतला असे, तर नव्या व्यवस्थेत गाव बहुतांशी श्रोता झाले आहे. फोर्ट डॉजमध्ये किंगच्या नावाने ओळखला जाणारा नगरबँड आजही उन्हाळ्यात वाजतो, आणि जेथे असा स्थानिक बँड व पाहुणे वादक दोघांनाही एकाच मालिकेत स्थान मिळते, तेथे ही प्रथा सर्वांत निरोगी अवस्थेत आहे असे म्हणता येईल. मात्र दोन्ही व्यवस्थांचा पाया एकच आहे. व्यापाऱ्यांची वर्गणी, दोन मिलचा कर, ध्वनिमुद्रिकांचा निधी, केंद्राचे अनुदान हे सारे मार्ग संगीताला सार्वजनिक गरज मानण्याच्या निर्णयातून निघालेले आहेत. तो निर्णय प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावा लागला आणि ज्या गावांनी तो घेतला नाही, तेथील बँडस्टँड रिकामे राहिले. आयोवाच्या मतदारांनी १९२१ नंतर मतपेटीतून मान्य केलेले तत्त्व म्हणूनच या इतिहासाचे सर्वांत मौल्यवान संचित आहे : संगीत सर्वांसाठी खुले हवे असेल, तर त्याचा भारही सर्वांनी मिळून उचलला पाहिजे, आणि 'सर्व' या शब्दात कोणकोण येते याचा विचार वारंवार, अधिक मोठ्या मनाने, केला पाहिजे.