उद्योजकांच्या गटाचा सूत्रधार

लघुउद्योजकाला आपली चिंता कामगारांपुढे बोलून दाखवता येत नाही, बँकेपुढे तर नाहीच. म्हणूनच आठ-दहा मालकांनी महिन्यातून एकदा जमून परस्परांच्या अडचणींचा विचार करण्याची पद्धत रूढ झाली. कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ मध्ये फिलाडेल्फियात कारागीर-व्यावसायिक मित्रांचे ‘जंटो’ हे मंडळ स्थापन केले. हेकट विधाने करणाऱ्याला व दुसऱ्याचे म्हणणे थेट खोडून काढणाऱ्याला तेथे पुढे किरकोळ दंड होऊ लागला. मराठी उद्योजकांना माधवराव भिडे यांनी २००० साली सुरू केलेला सॅटर्डे क्लब परिचित आहे; तेथे भर आहे तो परस्परांचा व्यवसाय वाढवण्यावर. अडचणी उघड करण्याच्या गटाला मात्र निराळ्या जातीचा सूत्रधार लागतो.

सल्ला थोपवणे हे त्याचे पहिले काम. समजा, एका सभासदाचे बिल मोठ्या गिऱ्हाइकाकडे तीन महिने थकले आहे. लगेच चौघे म्हणतात, ‘माल बंद करा.’ सूक्ष्म व लघु पुरवठादाराला फार तर ४५ दिवसांत पैसे मिळावेत, असे २००६ चा कायदा सांगतो, हेही कोणीतरी सुनावतो. पण गिऱ्हाईक तुटण्याच्या भीतीने तो गप्प असतो. अशा वेळी पहिली फेरी केवळ प्रश्नांची ठेवावी : एकूण विक्रीत या गिऱ्हाइकाचा वाटा किती? पगार किती दिवस निघतील? पुष्कळदा खरे दुखणे वसुलीचे नसून एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचे निघते. दुसऱ्या फेरीत ‘तुम्ही असे करा’ हे वर्ज्य. ‘माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी काय केले’ एवढेच सांगायचे, फसलेले उपायही.

वसई तालुक्यातील वटारसारख्या गावात गोपनीयतेचा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. शेजारी, सोयरा आणि स्पर्धक एकच असू शकतो. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाला तोच माल विकणारे दोघे एका गटात घेऊ नयेत. काही सभासद विरार, नालासोपाऱ्याकडचे घ्यावेत. बैठकीतली गोष्ट लग्नाच्या मांडवात पोहोचली, की गट संपलाच.

बोलघेवड्यांना आवरणे त्यामानाने सोपे, घड्याळ पुरते. गप्प बसणाऱ्याकडे अधिक लक्ष हवे. सलग दोन बैठका चुकवणाऱ्याला सूत्रधाराने निरोप न धाडता स्वतः जाऊन भेटावे. कर्जाच्या ओझ्याखाली असलेला मालक बहुधा हाच असतो.