हिरडा आणि संगणक
* जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी कुटुंबे जो बाळहिरडा गोळा करून विकतात, त्या हिरड्यात चेब्युलॅजिक आम्ल असते. आतड्यात पिष्टाची साखर करणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला ते रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मधुमेहावरची अकार्बोजची गोळी याच मार्गाने जेवणानंतरची साखर आवरते. असे रेणू हुडकायला आता संगणकाची मदत होते: तो विकराची त्रिमितीय रचना घेऊन वनस्पतीतला एकेक रेणू त्याच्या खाचेत निरनिराळ्या कोनांतून बसवून पाहतो आणि पकडीचा अंदाज गुणांकात देतो. हजारोंतून मोजके रेणू पुढच्या तपासणीला निवडता येतात, हा मोठाच लाभ. पण रेणू पोटात टिकेल का, यकृताला बाधेल का, हे त्या गुणांकावरून कळत नाही. तेवढ्यावर विसंबून चालू औषध मुळीच सोडू नये. झाडांची जाण राखणाऱ्यांना लाभात वाटा मिळावा, यासाठी जैवविविधता कायदा, २००२ मध्ये तरतूद आहे. संशोधकांनी ती आरंभापासूनच पाळावी.—संपादक