तोंडातलं लोखंड

घोड्यावर मी आयुष्यात दोनदा बसलो. पहिल्यांदा लग्नात. तेव्हा लगाम घोडेवाल्याच्या हातात होता, आणि वरातीनंतर तो कोणाच्या हाती गेला हे छापील स्वरूपात सांगण्याचे धाडस मी करणार नाही. दुसऱ्यांदा माथेरानला. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही आणि माझे गुडघेही जात नाहीत, म्हणून एक तपकिरी तट्टू भाड्याने घेतले. या खेपेस लगाम साक्षात माझ्या हातात आला, आणि हाती सत्ता आलेला माणूस करतो तेच मी केलं. घट्ट धरला.

तट्टाने मान वर फेकली. मी आणखी घट्ट धरला. ते डोके झटकत चक्क उलटे चालू लागले.

"सायेब, सोडा की! तोंडाचं लई नाजूक हाय ते!" घोडेवाले मामा ओरडले.

बँकेच्या काउंटरवर मला रोज तोंडाचे फटकळ भेटतात. तोंडाचे नाजूक असे कोणी प्रथमच भेटत होते.

मामांनी मला उतरवले आणि तट्टाचा ओठ बाजूला करून दाखवला. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, नुसती हिरडी. निसर्गाने ठेवलेली मोकळी जागा माणसाला बघवत नाही. त्याने तिथे लोखंड बसवले. लगामाच्या या तोंडातल्या लोखंडाला कडियाळे म्हणतात. आमच्या तट्टाच्या त्या हिरडीवर एक लाल चट्टा होता. तो काही सगळाच माझ्या पाच मिनिटांचा नव्हता, पण खात्यात माझी रक्कम जमा झाली होती हे खरे.

घरी आल्यावर मी कडियाळ्याच्या इतिहासामागे लागलो. अथेन्सचा झेनोफन, सॉक्रेटिसचा शिष्य आणि पेशाने सैनिक, याने इ.स.पूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. तो म्हणतो, कडियाळी निदान दोन ठेवा, एक गुळगुळीत आणि एक काटेरी. काटेरी चाखलेल्या घोड्याला गुळगुळीत गोड लागते. (आधी इन्क्रीमेंट रोखायचे आणि मग तेच उपकार म्हणून द्यायचे, ही युक्ती इतकी जुनी असेल असे वाटले नव्हते.) दुसरे असे की कडियाळे ताठ नसावे, साखळीसारखे लवचिक असावे. ताठ असले की घोडा ते अख्खे जबड्यात धरून बसतो. लवचिक असेल तर एक टोक पकडावे तो बाकीचे निसटते. आणि तिसरे, घोड्याने मान डौलात उचलली की त्याच क्षणी लगाम सैल सोडा. माझा संशय असा, की पुढच्या लोकांनी काट्यांपर्यंत वाचले आणि पान उलटलेच नाही.

कारण 1550 साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेने घोडेस्वारीवर ग्रंथ काढला, त्यात कडियाळ्यांची चित्रेच चित्रे. ती पाहताना दातांच्या डॉक्टरचा ट्रे आठवतो. बाहेर लांब दांड्या असल्या की त्यांची तरफ होते. हाताने जरासे ओढावे आणि जबड्यावर कितीतरी पट दाब यावा. त्याच नेपल्समध्ये शिकलेला आन्तुआन द प्लुव्हिनेल पुढे फ्रान्सच्या तेराव्या लुईचा गुरू झाला. त्याचे म्हणणे, घोड्याला चुचकारावे, मार अगदी शेवटी. त्याचा ग्रंथ छापून निघाला 1623 साली. तो स्वतः 1620 सालीच वारला होता. शहाण्या सूचना कोणत्याही कचेरीत अशाच वेळेला मंजूर होतात.

आपल्याकडे काटेरी कडियाळ्याला बंदी झाली ती प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्याखाली 1965 साली केलेल्या नियमांनी. झेनोफनचा दुसरा नग बाद व्हायला 2,300 वर्षे लागली.

मामांनी यातले काही वाचलेले नव्हते. त्यांनी आधी दाढांवरून बोट फिरवले. "दाढंला धार आली आसंल तर लोखंडाला बोल लावून काय उपेग?" दाढा ठीक होत्या. मग त्यांनी तोंडातून सुतळी नेऊन माप घेतले. कडियाळे अरुंद झाले तर ओठ चिमटतात, रुंद झाले तर इकडून तिकडे सरकते. जुने मधोमध एकाच सांध्याचे होते. ओढले की अडकित्त्यासारखे मिटायचे. चट्टा भरून आल्यावर दोन सांध्यांचे, मध्ये छोटी कडी असलेले घालायचे ठरले, म्हणजे ते जिभेवर वळून बसते.

"जाड घाला ना मामा, मऊ लागेल," मी सुचवले. जाड वस्तूचा दाब पसरतो, एवढे पदार्थविज्ञान कॉमर्सच्या पदवीधरालाही कळते.

"घोडं केवढं, तोंड केवढं! जीभच तोंडभर हाय. जाड घातल्यावर तिनं जायाचं कुठं?"

यावर मला उत्तर सुचले नाही. मामांनी कडियाळे पिशवीत टाकले, तट्टाला नुसती म्होरकी घातली, दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि मला आयाळ धरायला सांगितली. तट्टू कान हलवत, मान खाली सोडून, शार्लट तलावापर्यंत असे चालले की मला दोनदा डुलकी लागली.

तलावावर पत्नी आधीच पोहोचली होती.

"अहो, एवढं शहाण्यासारखं आलं ते! तुम्हीच चालवलंत?"

"मग!" मी म्हणालो.

मामा दोरी गुंडाळत दुसरीकडे बघत राहिले. तट्टूही काही बोलले नाही, आणि त्याच्या तोंडात तर आता काहीच नव्हते.