शिम सांग-जंग
शिम सांग-जंग : (२० फेब्रुवारी १९५९– ). दक्षिण कोरियातील कामगार नेत्या व चार वेळा निवडून आलेल्या माजी खासदार. जन्म ग्योंगी प्रांतातील पाजू येथे. सोल राष्ट्रीय विद्यापीठात शिकत असतानाच त्या गुरो औद्योगिक वसाहतीत शिलाई कामगार झाल्या. लष्करी राजवटीत असे अनेक विद्यार्थी कारखान्यांत शिरले होते. शिम मात्र वीस वर्षांहून अधिक काळ कामगार चळवळीतच राहिल्या. जून १९८५ मध्ये देवू ॲपरलच्या युनियन पदाधिकाऱ्यांना अटक होताच शेजारच्या कारखान्यांनीही काम बंद केले. कोरियन युद्धानंतरचा हा पहिला सहानुभूती संप. त्यात पुढाकार घेतल्यामुळे शिम यांना अनेक वर्षे भूमिगत राहावे लागले. पुढे त्या धातू कामगार संघटनेच्या सरचिटणीस झाल्या.

२००४ च्या संसदीय निवडणुकीत मतदारांना प्रथमच उमेदवाराला एक आणि पक्षाला एक अशी दोन मते मिळाली. डेमोक्रॅटिक लेबर पार्टीचे दहा खासदार निवडून आले, त्यांपैकी आठ या दुसऱ्या मतामुळेच. पक्षाच्या यादीत शिम पहिल्या होत्या. २००८ मध्ये गोयांगमधून त्या हरल्या. २०१२ मध्ये तिथेच अवघ्या १७० मतांनी जिंकल्या. २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना ६.१७ टक्के मते पडली. दूरचित्रवाणीवरील वादसभेत प्रतिस्पर्धी उमेदवारांनी समलैंगिकतेला विरोध नोंदवला, तेव्हा जादा मिळालेले एक मिनिट खर्चून त्यांनी ठणकावले, की लैंगिक कल ही माणसाची ओळख आहे, तिथे बाजूने वा विरोधात असण्याचा प्रश्नच येत नाही. त्या प्रचारातील हा सर्वांत धैर्याचा क्षण मानावा लागेल.

त्यांचे सर्वांत मोठे संसदीय काम निवडणूक सुधारणेचे. पक्षाला मिळालेली मते आणि जागा यांची अंशतः सांगड घालणारा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये संमत झाला. सुधारणा समितीचे अध्यक्षपद काही काळ त्यांच्याकडे होते. परंतु दोन्ही मोठ्या पक्षांनी केवळ यादीपुरते उपपक्ष काढून त्या जागा लाटल्या. मतदारांची ही उघड फसवणूक होती. २०२० मध्ये शिम यांच्या तेव्हाच्या जस्टिस पार्टीला ९.६७ टक्के मते मिळूनही ३०० पैकी सहाच जागा आल्या. २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांची मते २.३७ टक्क्यांवर घसरली. एप्रिल २०२४ मध्ये त्या स्वतः पराभूत झाल्या, पक्षाला एकही जागा मिळाली नाही आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली.