जॉर्ज फर्नांडिस : कामगार नेता ते संरक्षणमंत्री, आणि आरोपांचा हिशेब

बल्लारशाहचे रेल्वे कामगार असोत की भद्रावतीच्या आयुध निर्माणीतले, दोघांचाही जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी संबंध येतो. रेल्वे आणि संरक्षण, ही दोन्ही खाती पुढे त्यांच्याकडे आली.

जन्म 3 जून 1930, मंगळूर. पाद्री होण्याचे शिक्षण सोडून ते 1949 मध्ये मुंबईत आले. गोदी कामगार, हॉटेल कामगार, टॅक्सीवाले यांच्या युनियन बांधल्या. 1967 मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांना हरवून ते लोकसभेत गेले. मे 1974 चा देशव्यापी रेल्वे संप त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. आणीबाणीत बडोदा डायनामाइट प्रकरणात अटक झाली, आणि 1977 मध्ये तुरुंगात असतानाच ते बिहारच्या मुजफ्फरपूरमधून निवडून आले. उद्योगमंत्री असताना कोका-कोलाने देश सोडला. रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेला गती मिळाली. 1998 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले.

आरोप इथून सुरू होतात. मार्च 2001 मध्ये तहलकाने छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण बाहेर आणले. त्यात त्यांच्या समता पक्षाच्या अध्यक्षा जया जेटली संरक्षणमंत्र्यांच्या सरकारी बंगल्यावर दिसल्या. जॉर्ज स्वतः पैसे घेताना दिसले नाहीत, तरी त्यांनी राजीनामा दिला. पण चौकशी चालू असतानाच ऑक्टोबरमध्ये ते परत मंत्री झाले. विरोधकांनी संसदेत त्यांच्यावर बहिष्कार टाकला. 2002 च्या गुजरात दंगलीवर लोकसभेत त्यांनी सरकारची बाजू घेतली, तेव्हा जुने समाजवादी साथीही दुखावले.

पुढे निकाल काय लागला? कारगिलच्या शवपेट्यांच्या प्रकरणात सीबीआयच्या 2009 च्या आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते. बराक क्षेपणास्त्र प्रकरणाच्या 2006 च्या गुन्ह्यात नाव होते. तो तपास 2013 मध्ये पुराव्याअभावी बंद झाला. जेटलींना मात्र 2020 मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा सुनावली. हायकोर्टाने ती स्थगित केली. तोवर जॉर्ज हयात नव्हते. 29 जानेवारी 2019 ला त्यांचा इंतकाल झाला.

म्हणजे कोर्टात त्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला नाही. पण कायद्याचा सवाल एक आणि नैतिकतेचा दुसरा. चौकशी पुरी होण्याआधी खुर्चीवर परत बसणे योग्य होते का, याचे उत्तर कोर्ट देत नाही, ते मतदाराने द्यायचे असते. आपल्या भागातही युनियनमधून राजकारणात आलेले नेते आहेत. त्यांना जोखताना मुलांना हे दोन्ही सवाल वेगवेगळे विचारायला शिकवा.