अजिंठ्याचे दोन पाहुणे

मुक्ताईनगरास, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेस, वैशाखांत ऊन कसें असतें हें खानदेशी वाचकांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाच्या देवळाचा दगड दुपारीं हात लावूं देत नाहीं. याच तापीस पुढें पश्चिमेकडे वाघूर नदी मिळते, आणि ही वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येते. त्या दरींतील दुपारहि अशीच कठोर. तिच्यांत परमुलखांतून येऊन उभ्या राहिलेल्या दोन इंग्रजांची हकीकत शेजारीं शेजारीं ठेवून पाहिली, तर कीर्तीचा न्याय किती आंधळा असतो हें दिसून येतें.

पहिला जॉन स्मिथ हा मद्रास फौजेच्या घोडदळांतील अधिकारी. शिकारीच्या निमित्तानें तो या दरींत शिरला. दिवस २८ एप्रिल १८१९. तो त्यानें स्वतःच नोंदवून ठेविला आहे. दहाव्या लेण्यांत एका प्राचीन चित्रावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरली. त्या काळीं लेण्यांत माती-दगडांचा ढीग सांचलेला होता. त्यावर उभें राहून लिहिलेलें तें नांव, ढीग उपसल्यावर, पाहणाराच्या डोक्याहून उंच राहिलें. आजहि वाटाडे तें प्रवाशांस बोट करून दाखवितात.

दुसरा मेजर रॉबर्ट गिल. भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें त्याची नेमणूक केली. एक दिवस पाहून तो परतला नाहीं. अजिंठा गांवीं राहून, उन्हाळ्यामागून उन्हाळे काढीत, अंधाऱ्या लेण्यांतील चित्रें त्यानें तैलरंगांत उतरविलीं. विलायतेस पाठविलेल्या या नकला सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि त्यांपैकीं बहुतेक सर्व जळाल्या. गिल १८७९ सालीं वारला. त्याचें थडगें भुसावळ येथें आहे. तेथें वाट वांकडी करून जाणारा प्रवासी विरळाच.

म्हणजे एका दिवसाच्या पाहुण्याचें नांव भिंतीवर टिकलें, आणि वर्षानुवर्षें डोळे शिणविणाराचें काम राख झालें! परंतु हिशेब येथेंच संपत नाहीं. गिलच्या मागून १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यानें मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांसह तेंच काम पुन्हां हातीं घेतलें. त्यांच्याहि पुष्कळ नकला १८८५ मध्यें लंडनच्या आगींत गेल्या. तरी १८९६-९७ सालीं निघालेल्या त्याच्या दोन खंडांमुळें ही कला जगास घरबसल्या पाहतां आली. मूळ रंग फिकट होत असतां अशा नोंदींची किंमत वाढतच जाते.

नकलाकारांस सर्वस्वी निर्दोष मात्र म्हणतां येत नाहीं. रंग उठून दिसावे म्हणून भिंतींवर व्हार्निश फांसण्यांत आलें. तें पिवळें पडलें आणि पुढें पुरातत्त्व खात्यास तें काढीत बसावें लागलें. प्रेमाच्या हातानेंहि इजा होते. पण प्रेमाची चूक आणि नांवाची हांव यांत भेद करणें हें इतिहासलेखकाचें कर्तव्य आहे. उन्हानें थकलेल्या प्रवाशानें लेण्यांत आपलें कांहींच न ठेवतां परतावें, आणि ज्यांच्या श्रमांमुळें आपणांस अजिंठा कळला त्यांचीं नांवें, भिंतीवर नव्हे, स्मरणांत ठेवावीं.