मामाची फियाट का किंचाळते?

भागाच्या सुरुवातीला जो आवाज ऐकवला, तो रेकॉर्डिंगमधला बिघाड नव्हता. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, फळ्यावर खडू उलटा घासल्यावर दात शिवशिवतात ना, तसा आवाज. माझ्या मामाची प्रीमियर पद्मिनी रोज सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन मिनिटं अशी किंचाळायची. एका गॅरेजवाल्याने लांबूनच ऐकलं आणि म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मामा गाडी भंगारात काढायला निघाला.

गंमत म्हणजे ते इंजिन फियाटचं नाहीच. आणि ते तिथे कसं आलं हे कळल्याशिवाय आवाजाचं कोडं सुटत नाही.

थोडं मागे जाऊ. १९४४ साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली, आणि १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. बॉनेटखाली १०८९ सीसीचं इंजिन. त्याचं मूळ डिझाइन इटलीतलं, १९३७ सालचं! लायसन्स-परमिटच्या काळात गिऱ्हाईकच वर्षानुवर्षं नंबर लावून उभं, मग नवीन इंजिनची घाई कुणाला असणार?

मारुती आली आणि घाई झाली. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली. बॉडी फियाट १२४ ची, तिचे साचे स्पेनच्या सिएट कंपनीकडून घेतलेले, आणि इंजिन जपानचं, निसान ए-१२, ११७१ सीसी. नावातलं 'एनई' म्हणजे निसान इंजिनच. म्हणजे बघा, ज्याला आपण गॅरेजमधला जुगाड म्हणतो तो कंपनीने कारखान्यातच करून विकला. (मला हे फार आवडतं.) मग फियाटप्रेमींनी पुढची पायरी गाठली. ठोकलेल्या ११८ एनईचं इंजिन काढायचं आणि पद्मिनीत बसवायचं. मामानेही तेच केलं, गिअरबॉक्ससकट. आरसी बुकात इंजिन नंबर रीतसर बदलून घेतला. आज मात्र ऐकून उत्साहात असं काही करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलण्यावर कडक भूमिका घेतली आहे.

तर, आवाज. नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत, एक म्हातारे मिस्त्री आम्हाला भेटले. त्यांनी पाना हातातच घेतला नाही. आधी विचारलं, "सकाळीच ओरडते का? हेडलाइट लावले की वाढतो?"

दोन्हीला हो.

"मग इंजिन कशाला खोलता? बेल्ट ओरडतोय."

कारण साधं आहे. सेल्फ मारताना बॅटरी खर्च होते, ती भरायला आल्टरनेटर जोर लावतो, त्याची पुली जड होते आणि बेल्ट तिच्यावर घसरतो. घसरतो, पकडतो, पुन्हा घसरतो, सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनच्या तारेवर गज असाच वाजतो, फक्त ते ऐकायला आपण तिकीट काढतो.

पण बेल्ट की बेअरिंग, याची खात्री करायला हवी. मिस्त्रींनी चालू इंजिनवर लांबून बेल्टच्या आतल्या बाजूला बाटलीने थोडं पाणी उडवलं. आवाज बंद. चार सेकंदांनी पुन्हा सुरू. "पाण्याने वाढला असता तर बेल्ट ढिला. गप्प होऊन परत आला, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत." मग इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि मिनिटभरच गाडी चालवली, कारण बेल्टशिवाय वॉटर बॉडी फिरत नाही आणि इंजिन तापतं. चिडीचूप. वॉटर बॉडी आणि आल्टरनेटर हाताने फिरवून पाहिले, दोन्ही बेअरिंग गुळगुळीत. (घरी बघणार असाल तर ओढणी, मफलर, मोकळे केस पंख्यापासून लांब.)

शेवटी क्रँकच्या पुलीवरून आल्टरनेटरपर्यंत सुतळी ताणली. आल्टरनेटर जवळजवळ तीन मिलिमीटर मागे होता! निसानचं इंजिन फियाटच्या जागेत बसवताना कुणीतरी आल्टरनेटरची पट्टी अंदाजाने वेल्ड केली होती. बेल्ट इतकी वर्षं तिरका पळत होता, त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या.

इलाज? पट्टीमागे दोन वॉशर आणि नवा बेल्ट. मिस्त्रींनी मजुरी विचारली तर म्हणाले, "चहा सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम फोन चालू ठेवून मामाला गाडी लावायला सांगितलं. सेल्फचा आवाज, मग इंजिनची घरघर, आणि मागून मामी: "अहो, आज निघाला नाहीत का अजून?"